इंजिनस्वामीच्या टाकीतलं पाणी

"ओता! दुसरी घागर ओता!" निरंजनस्वामी गरजले, आणि माझ्या आईनं अडीच कोसांवरून डोक्यावर आणलेलं पाणी ट्रकच्या पेट्रोलच्या टाकीत धबाधबा ओतलं गेलं.

एवढी माणसं आमच्या हिप्परवाडीत मी जन्मात पाहिली नव्हती. शेजारच्या तीन गावांतली आली होती. पोरं कडुनिंबावर, बायका देवळाच्या ओट्यावर, आणि खडी फोडायच्या दुष्काळी कामावरचा मुकादमसुद्धा हजेरीचं पुस्तक काखेत मारून पुढच्या रांगेत. एकोणीसशे त्र्याहत्तरचा मे महिना. प्यायला पाणी नव्हतं, पण चमत्काराला गर्दी तुफान.

"भक्तांनो!" स्वामींनी दोन्ही हात वर केले. "सहा वर्षं ही गाडी मेली नव्हती. समाधीत होती! लोखंडातही प्राण असतो. तुमच्या भांडणानं तिचा प्राण कोंडला होता. आज तो मोकळा होणार. जलाचं इंधन होणार! बोला, हर हर महादेव!"

"महादेव!" गर्दी ओरडली.

मग पुढं आला मौनी शिष्य. उंच माणूस, भगवी कफनी, डोळे सोडले तर सगळ्या तोंडावर भगवं फडकं. कोपरापर्यंत हात भस्मानं पांढरेफटक. नऊ दिवसांत तो एक अक्षर बोलला नव्हता. त्यानं गाडीच्या नाकात हँडल घातलं आणि फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. गाडी आतून खोकली. तिसऱ्यांदा फिरवलं, तशी ती पोळ्याच्या बैलासारखी अंग झटकून थरथरली, मागनं काळा धूर सुटला, ड्रायव्हरच्या खिडकीतून काशम्माची कोंबडी किंचाळत बाहेर उडाली, आणि इंजिन लागलं!

"अय्यो शिवा!" काशम्मा कोंबडी विसरून आडवी झाली. तिच्यामागं सगळं गाव आडवं झालं. वरच्या आळीचे सिद्रामप्पा आणि खालच्या आळीचे ज्ञानबा, सहा वर्षं एकमेकांशी न बोललेले, शेजारी शेजारी दंडवत घालताना त्यांची डोकी एकमेकांवर आपटली, तरी कुणी शिवी दिली नाही. हाच मोठा चमत्कार, असं लोक नंतर म्हणाले.

माझी आई, शांतम्मा, स्वामींच्या पाया पडली आणि मग मौनी शिष्याच्या पायावर तिनं डोकं ठेवलं. तो एक पाऊल मागं सरला. मला वाटलं, केवढा नम्र!

आणि मी? खोटं कशाला लिहू? मी टाळ्या पिटत नाचत होते. माझी शाळा त्या गाडीवर अडली होती.

त्याचं असं झालं. ती गाडी लढाईतली, लष्कराच्या मोडीच्या लिलावात, डिस्पोजलमध्ये घेतलेली. गावानं वर्गणी काढून घेतली आणि सोसायटीच्या नावावर केली. ज्वारी भरून सोलापूरच्या बाजाराला जायची. मग सोसायटीत भांडणं झाली, सोसायटी बंद पडली आणि गाडी कडुनिंबाखाली उभी राहिली. वरच्या आळीनं पुढच्या चाकाला साखळी घालून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी खालच्या आळीनं मागच्या चाकाला. "आधी त्यांनी काढावं," हे म्हणायचे. "आधी त्यांनी," ते म्हणायचे. गाडी गंजली, चाकं बसली, काशम्माच्या कोंबड्या आत अंडी घालायला लागल्या.

पुढं दुष्काळ पडला आणि गावच मोडलं. विहिरी आटल्या. पिठाची गिरणी बंद, दुकान बंद, एसटी बंद. सरपंच पुण्याला लेकाकडं गेले ते गेलेच. गुरं छावणीत, माणसं खडीवर. पाणी फक्त सीना नदीच्या पात्रात, झरा खणून. पहाटे निघायचं, दुपारी दोन घागरी घेऊन यायचं. एवढी गाडी चालू असती तर पिंपं भरून सगळ्या गावाचं पाणी दोन फेऱ्यांत आलं असतं. हे सगळ्यांना कळत होतं. पण कुलपं निघत नव्हती. समोरच्या आळीला पाणी मिळण्यापेक्षा आपणही तहानलेलं राहू, असा सगळा हिशेब.

मी तेव्हा सोलापुरात विरुपाक्षमामाकडं राहून शिकत होते, नववीत. मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. दुसऱ्याच्या गॅरेजात मिस्त्री. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन थेट गॅरेजात. प्लग कसा साफ करायचा, कार्बोरेटर का तुंबतो, सगळं मला मामानं शिकवलं. मामी म्हणायची, "पोरीच्या हाताला ग्रीस लागलं तर नवरा मिळायचा न्हाय." मामा म्हणायचा, "नवऱ्याची गाडी बंद पडली तर हीच चालू करंल की!"

फाल्गुनात आई पाणी आणताना पडली. कंबर धरली. मग मला शाळा सोडून यावं लागलं. एक घागर तिची, एक माझी. नववीची परीक्षा बुडाली. मी मामाला कार्ड लिहिलं. "मामा, तू येऊन आमची गाडी चालू कर. मग आईला पाणी आणावं लागणार नाही आणि मला जूनला परत येता येईल. पण इथं दोन आळ्यांची दोन कुलपं आहेत. ही माणसं कुणाचं ऐकत नाहीत. ह्यांना सांगायला देवालाच खाली यावं लागेल!"

शेवटचं वाक्य मी गंमत म्हणून लिहिलं होतं. मामाचं उत्तर आलं नाही. महिन्याभरानं स्वामी आले.

बैलगाडीतून आले. बरोबर एक मोठी पेटी, कुंकवानं माखलेली. "देवाची पेटी. शिवू नका." आल्या आल्या स्वामी गाडीसमोर ताठ उभे राहिले आणि थरथर कापायला लागले. "हिच्यात शक्ती कोंडली आहे. नऊ दिवसांचं अनुष्ठान करावं लागेल." गाडीभोवती कनाती लागल्या. आत फक्त मौनी शिष्य. बाहेर दिवसभर भजन, झांजा आणि ढोल. मध्येच आतून 'ठण्, ठण्' आवाज आला तर स्वामी म्हणायचे, "जोरात वाजवा! शक्ती जागी होते आहे!" आठव्या दिवशी आतून 'हुश्श, हुश्श' ऐकू आलं. "गाडी प्राणायाम करते आहे," स्वामी म्हणाले. नवव्या दिवशी कनाती काढल्या तर बसलेली चारही चाकं टम्म फुगलेली! प्राणायामाचा परिणाम. पोरांनी स्वामींचं नाव ठेवलं इंजिनस्वामी.

आता तुम्ही म्हणाल, गॅरेजात वाढलेली पोरगी तू, हवेच्या पंपाचा आवाज तुला ओळखू आला नाही? आला होता. पण मला ओळखायचा नव्हता. जे हवं असतं त्याची आपण तपासणी करत नाही.

तर दहाव्या दिवशी गाडी चालू झाली. काशम्मा उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "सामी, आता दोन पिंपं टाका की मागं! आज लेकरांना पोटभर पाणी पाजू."

स्वामींचे डोळे मोठे झाले. "देवाच्या वाहनावर पिंपं? बाई, काय बोलता! आधी गाडी संगमावर स्नानाला जाईल. मग परत येईल, ती पाऊस घेऊनच येईल. उद्या सकाळी प्रस्थान. त्याआधी दोन्ही आळ्यांनी कुलपं काढून गाडी संस्थानाला अर्पण केल्याच्या कागदावर अंगठे द्यायचे."

मला वाटलं, आता सिद्रामप्पा भडकणार. पण ते ज्ञानबांकडं बघून म्हणाले, "खालच्या आळीला जाण्यापरीस देवाला गेलेली बरी."

"आमीबी त्येच म्हणतो," ज्ञानबा म्हणाले.

सहा वर्षांतलं त्यांचं पहिलं एकमत.

दुपारी स्वामी पुरणपोळी खाऊन देवळात घोरत होते. गाव उन्हाला घाबरून घरात. काशम्मानं मला दारातून हाक मारली. "म्हादेवी! माजी कोंबडी त्या गाडीतच घालती. चमत्कार झाला म्हनून अंडं न्हाय का द्यायची? बघून ये की गं!"

मी गेले. गाडीच्या केबिनमध्ये चढले. सीटखालची फळी उचलली. अंडं होतं. अंड्याच्या शेजारी पत्र्याचा डबा होता.

मी झाकण काढून हुंगलं. पेट्रोल! डब्याच्या बुडातून एक रबरी नळी निघून फळ्यांतून इंजिनाकडं गेली होती. मागच्या कप्प्यात, कुंकवाच्या फडक्याखाली, नवी बॅटरी. मी उडी मारून खाली उतरले, गाडीखाली वाकले. टाकीतून इंजिनाकडं जाणारी तांब्याची नळी मध्येच कापली होती आणि तिच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकली होती. म्हणजे टाकीतलं पाणी टाकीतच. गाडी चालते ती डब्यावर!

मला हसू फुटलं. सापडला! इंजिनस्वामी सापडला! आत्ता देवळाची घंटा वाजवते आणि सगळा गाव उठवते, असं म्हणून मी पुन्हा केबिनमध्ये चढले, नळी नीट बघायला.

तेव्हा मला तो सांधा दिसला.

रबरी नळी जिथं डब्याला जोडली होती तिथं मरून रंगाचं सूत गुंडाळलं होतं, आणि त्यावर साबण घासून लावला होता. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, गळती थांबते. हे बऱ्याच मिस्त्र्यांना माहीत असतं. पण सूत चादरीच्या मागावरचं. गॅरेजाशेजारी मागांचा कारखाना होता, तिथलं तुटकं सूत मामा मागून आणायचा. बरोबर अकरा वेढे, आणि शेवटचं टोक वेढ्यांच्या खालून ओढून घेतलेलं, गाठ दिसूच नये असं. सोलापुरात मिस्त्री पुष्कळ. असं सूत दोनच माणसं बांधायची. एक मामा. दुसरी मी, कारण त्यानं मला शिकवलं होतं.

"अंडं घे आन् जा," माझ्यामागं कुणीतरी म्हणालं.

मौनी शिष्य दारात उभा होता. दहा दिवसांनी बोलला होता.

"मामा," मी म्हटलं.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि फडकं हनुवटीपर्यंत ओढलं. तोच होता. माझ्या आठवणीपेक्षा थकलेला.

"हळू बोल, देवी."

"माझ्या कार्डाचं उत्तर नाही दिलंस."

"दिलं की!" त्यानं गाडीवर थाप मारली. "हे काय, उभं हाय." आणि मग त्याला राहवेना. "पिस्टन दगड झालं होतं बघ. चार दिस रॉकेल मुरवलं. रोज केसाएवढं हललं. झांजा चालू असल्या की हातोडा मारायचा, थांबल्या की गप बसायचं. कार्बोरेटरमदी मुंग्यांचं वारूळ! हात काळं दिसू नयेत म्हनून रोज भस्म फासत होतो."

त्याचे डोळे चमकत होते. आणि काय सांगू, घटकाभर मीही गॅरेजातल्यासारखी तोंड उघडं टाकून ऐकत राहिले.

"मग मिस्त्री म्हणून का नाही आलास?"

"कोन येऊ देनार हुतं? तूच लिवलंस की, देवालाच खाली यावं लागंल म्हनून. हा सामी आमच्याकडं जीप दुरुस्तीला यायचा. आदी तंबूतल्या सिनेमाचं मशीन चालवायचा. त्याला तुझं कार्ड दाखवलं. लई हसला."

माझं कार्ड. मी आईच्या कमरेबद्दल लिहिलेलं कार्ड. ते दोघांनी मिळून वाचलं आणि हसले.

"उद्या गाडी संगमावर जाणार?"

तो दुसरीकडं बघायला लागला. "गुलबर्ग्याला. गिऱ्हाईक बगून ठिवलंय. मला गॅरेज टाकता यील. सोताचं."

"आणि पाणी?"

त्यानं भस्माचे हात कफनीला पुसले.

"मामा, आई तुझ्या पाया पडली."

"मी मागं सरलो की गं!"

"एक पाऊल."

तो खाली बसला, गाडीच्या पायरीवर. "आईक. जूनला ये. तुझं नाव परत नववीत घालतो. मॅट्रिक कर, म्होरं कॉलेज कर, मी हाय. फकस्त उद्या सकाळपर्यंत गप बस. बोललीस तर मला कुटं तोंड दावायला जागा न्हाय, आन् तुलाबी माझ्या घरात न्हाय. धमकी न्हाय देत. हाय तसं सांगतो."

मी अंडं घेतलं आणि काशम्माला नेऊन दिलं. तिनं विचारलं, "तोंड का गं पडलंय?" मी म्हटलं, "ऊन लागलं."

त्या संध्याकाळी आई देवळापुढं बसून बायकांना सांगत होती, "त्या मौनीबाबाचं पाय बगितलं का? अगदी आमच्या इरूसारखं." इरू म्हणजे विरुपाक्ष. सगळ्या बायका हसल्या. मी उठून घरात गेले. शाळेचा विचार करायचा म्हणून बसले, पण डोळ्यांपुढं शाळा येईना. आई वाकलेली दिसायची आणि ते मागं सरलेलं एक पाऊल.

सकाळी गाडीला हार घातले. इंजिन चालू करून ठेवलेलं. दोन्ही आळ्यांनी कुलपं काढायची, पण आधी कुणी? शेवटी मुकादमानं "एक, दोन, तीन" म्हटलं आणि दोन किल्ल्या एकदम फिरल्या. स्वामींनी कागद पसरला. "सकल ग्रामस्थ स्वखुशीने..." वगैरे वाचलं. सिद्रामप्पांनी अंगठा शाईत बुडवला.

"थांबा, अप्पा!" मी ओरडले. आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकले. "स्वामी, परवा नाही, कालच टाकीत दोन घागरी पाणी ओतलं. त्याचं काय झालं?"

"इंधन झालं, बाळ," स्वामी गोड हसले.

"सगळ्याचं?"

"थेंबन् थेंब."

"मग टाकी उघडून बघू."

"खबरदार! आत आता अग्नितत्त्व आहे. स्फोट होईल! गावाची राख होईल!"

गर्दी पाच पावलं मागं हटली. पण मी तोवर गाडीखाली होते. टाकीच्या बुडाशी एक बोल्ट असतो, घाण काढायला. तो ओच्यात लपवून आणलेल्या पान्यानं फिरवला. गंजलेला होता, दोन्ही हातांनी लोंबकळले. आणि माझ्या तोंडावर थंडगार धार आली.

पहिली ओरडली काशम्मा. "पानी! यव्वा, पानी सांडतंय!"

पुढं काय झालं ते सांगून खरं वाटणार नाही. राख होणार म्हणून पळालेल्या बायका भांडी घेऊन गाडीखाली घुसल्या. स्फोटाला भ्यायची सवड कुणाला होती? आईची घागर भरली. दुसरी लावली, तीही भरत आली. गळ्याला चार बोटं कमी. भांडं येण्याआधी जमीन पिऊन गेली तेवढं. पाणी तांबूस, गंजाचं, पण पाणीच.

"दोन घातल्या, दोन निघाल्या!" मी गाडीखालून ओरडले. "इंधन कशाचं झालं?"

इंजिन मात्र चालूच होतं. धड् धड् धड्. स्वामींनी क्षणभर विचार केला आणि हात वर केले. "पाहिलंत? पाण्यावाचूनही चालते! दुहेरी चमत्कार!"

आणि शपथेवर सांगते, अर्ध्या गर्दीनं पुन्हा हात जोडले!

मग मी केबिनमध्ये चढले, फळी भिरकावली आणि ती रबरी नळी सगळ्यांना दिसेल अशी वर ओढून मुठीत आवळली. "आता मोजा!" मुकादमच मोजायला लागला. वीस झाले. पंचवीस झाले. मी मूठ आणखी आवळली. तिसाला गाडी खोकली. पस्तिसाला आचका देऊन बंद पडली. झाडावरचा कावळा ऐकू आला.

मी डबा उचलून दाखवला. बॅटरी दाखवली. नळीतली खुंटी दाखवली. हातोड्यासाठी झांजा, हवेच्या पंपासाठी प्राणायाम, सगळं सांगितलं.

"विटाळ!" स्वामी किंचाळले. "ह्या मुलीच्या स्पर्शानं शक्ती गेली!"

"विटाळ तुझ्या जिभंला झालाय, मुडद्या," काशम्मा म्हणाली. "माजी कोंबडी बसली तवा न्हाय व्हय गेली शक्ती?"

लोक हसले, आणि हसता हसता पुढं सरकायला लागले. स्वामींचा रंग उडाला. त्यांनी मौनी शिष्याकडं बोट केलं. "मला यंत्रातलं काय कळतं? सगळं ह्यानं केलं! धरा त्याला!"

दोघातिघांच्या हातात दगड आले. मौनी तसाच उभा होता, हलला नाही. मी हे सांगायचं ठरवलं नव्हतं. डबा, नळी, पाणी, एवढंच. पण आईनं माझ्याकडं पाहिलं आणि मी मान खाली घातली. मान खाली घालणारी पोरगी मी नाही, हे आईला ठाऊक.

ती गर्दीतून सरळ त्याच्यापुढं गेली. फडक्याला हात घातला आणि ओढलं.

दगड आपोआप खाली आले.

"इरू," आई म्हणाली, "काल मी कुणाच्या पाया पडले रे?"

"अक्का..."

"न्हाई. काल गप होतास, आज बी गप ऱ्हा." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "गाडी चालू केलीस न्हवं? मग जा, पानी आन."

सिद्रामप्पांच्या अंगठ्याची शाई वाळली होती. ज्ञानबांनी तो कागद उचलला, वाचता येत नसतानाही उलटसुलट करून बघितला आणि काशम्माच्या हातात दिला. "चुलीला घाल." मग सिद्रामप्पांना म्हणाले, "आप्पा, एकमेकाला द्यायची न्हाय म्हनून चोराला देत हुतो की आपुन."

"व्हय," सिद्रामप्पा म्हणाले. आणि सहा वर्षांनी एकदाचं कुलूप खिशात घालायच्या ऐवजी विहिरीत टाकलं. कोरडीच विहीर. खणकन आवाज आला.

स्वामींना मुकादमानं तालुक्याला फौजदाराकडं नेलं. मामाला गावानं ठेवून घेतलं, कारण गाडी हाकणारा दुसरा कुणी नव्हता. आठ दिवस त्यानं रोज दोन फेऱ्या पाणी आणलं आणि सिद्रामप्पांच्या पुतण्याला गाडी शिकवली. आई त्याला भाकरी वाढायची, बोलायची नाही. नवव्या दिवशी तो गेला. मला न सांगता. पुढच्या आठवड्यात मामीनं माझी पत्र्याची ट्रंक पाठवून दिली. आत माझी पुस्तकं, दोन झंपर, दुसरं काही नाही. चिठ्ठी शोधायला मी प्रत्येक पुस्तक झाडून पाहिलं.

आता मला पाणी आणावं लागत नाही. जूनपासून मी चार मैलांवरच्या शाळेत चालत जाते. नववीत आम्ही मुली दोनच. गाडीचे प्लग मीच साफ करते, आणि ज्ञानबा आल्यागेल्याला सांगतात, "आमची मिस्त्रीण."

तरीही अधूनमधून कुणीतरी मला थांबवून विचारतं, "ते सगळं खरं गं, पन गाडी चालू झाली ती झालीच की! कायतरी हुतंच सामीत." त्यांना मी सांगते, तेच तुम्हालाही सांगते. स्वामीत काही नव्हतं. रॉकेलमध्ये होतं, हातोड्यात होतं, चार दिवस थांबण्यात होतं. तुमच्या गावात उद्या कुणी पाण्यावर गाडी चालवली, तर नारळ फोडायच्या आधी विचारा, पाणी कुठं गेलं? सीट उचलून बघा. बघू देत नसेल तर समजा. आणि देवाच्या नावावर अंगठा उठवण्याआधी जरा शेजाऱ्याशी बोला. आपण दोघं बोलत नाही, तिथंच असल्या माणसांना जागा मिळते.

पण एका गोष्टीचं उत्तर मला कुठल्या सीटखाली सापडलं नाही. दगड झालेलं इंजिन मामानं नऊ दिवसांत जिवंत केलं. एवढं सुंदर काम त्याच्या हातून मी आधी कधी पाहिलं नव्हतं. ते काम आपलं आहे असं सांगायला त्याला धीर झाला नाही, आणि तोंडावर फडकं बांधून बहिणीचं डोकं पायावर घ्यायला मात्र झाला.